कमरेला नसलेलं रिव्हॉल्व्हर

लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत माझी एक गोष्ट सांगतात. ऐन सीझनमध्ये, भरदुपारी, दोघेजण चॉपर घेऊन माझ्या दुकानात शिरले. मी बुशशर्टाखालून रिव्हॉल्व्हर काढलं आणि नुसतं समोर धरलं. दोघे पळाले ते मागे वळून न बघता पुलाखालून पार झाले. दुकान आता भाचा बघतो आणि मी गल्लीत क्वचितच जातो, पण गेलो की कुणीतरी नव्या माणसाला ही गोष्ट माझ्यासमोरच ऐकवतो आणि माझ्यासाठी चहा मागवतो.

ही गोष्ट खोटी आहे. त्या दुपारी माझं रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यातल्या कपाटात होतं. हे मला आणि माझ्या बायकोला ठाऊक होतं, पोलीस सोडून तिसऱ्या कुणाला नाही. या गोष्टीवर विश्वास ठेवून माझ्या मित्राने रिव्हॉल्व्हर घेतलं आणि तो जिवाला मुकला. आता त्याच्या मुलाने परवान्यासाठी अर्ज केला आहे आणि त्याला माझा जबाब हवा होता. म्हणून हे लिहितो आहे. नाव कुणाचंच घालत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

परवाना मी का काढला ते आधी सांगतो. होळी उलटली की आमच्या गल्लीत वर्षभराचा मसाला करून न्यायला सगळी मुंबई लोटते. बायका मिरची निवडून घेतात, ती देठं खुडून आमच्याकडेच भाजली जाते आणि डंखावर, म्हणजे कुटायच्या यंत्रावर, त्यांच्या डोळ्यांसमोर कुटून मिळते. गल्ल्यात रोख रक्कम जमते. एका वर्षी आमच्यातल्या एका व्यापाऱ्याला बँकेत जाताना चाकू दाखवून लुटलं. त्यानंतर मी अर्ज केला. आयुक्तालयात खेटे घातले, चौकशा झाल्या आणि बऱ्याच महिन्यांनी परवाना हातात पडला.

रिव्हॉल्व्हर कातडी कव्हरात घालून पँटच्या आतल्या अंगाला अडकवायचं आणि वरून सैल बुशशर्ट. उघडं मिरवायला कायद्याने बंदीच आहे. पण खरं सांगायचं तर लपवण्यातच मजा होती. गल्लीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की माझ्याकडे आहे, आणि या क्षणी ते कमरेला आहे की घरी कपाटात, हे कुणालाच ठाऊक नसायचं. मी पैसे मोजताना लोक माझ्या पोटाकडे बघायचे. मला ते आवडायचं.

बायकोला आवडत नव्हतं. ती देवगडकडची. इतकी वर्षं मुंबईत राहूनही रागावली की घरचीच भाषा तोंडात येते. म्हणायची, "ह्यां कमरेक बांधून जेवाक बसतास, माका घास उतरणा नाय."

मित्र तर टिंगलच करायचा. तो आमच्या मागच्या चाळीतला. परळच्या म्युनिसिपल शाळेत आम्ही एका बाकावर बसलो. त्याच्या चाळीच्या तोंडाशी बुद्धविहार आहे. तिथली अभ्यासिका चालवण्यात त्याचे रविवार जात. नोकरी शीवच्या एका पेट्रोल पंपावर, मॅनेजर म्हणून. दुकानात आला की माझ्या कमरेकडे बघून म्हणायचा, "काय रे शेठ, आज आतमध्ये काय, वेलदोडे?"

"बघायचंय?"

"नको बाबा. मिरचीवाल्याने कशाला बंदूक घ्यायची? तुझं बिल बघूनच माणूस अर्धा मरतो."

निवडणूक लागली की परवानाधारकांना ठाण्यातून निरोप येतो. हत्यार आणून द्या, पावती घ्या, निकाल लागल्यावर परत न्या. लोकसभेच्या निवडणुका पडतात नेमक्या मसाल्याच्या सीझनमध्ये. त्या वर्षी मीही जमा करून आलो. मात्र गल्लीत कुणाला कळू दिलं नाही. आपली कमर रिकामी आहे हे चारचौघांत कळलं तर मग ते बाळगण्याचा उपयोग काय, असा माझा हिशेब. म्हणून रिकामं कव्हर रोज कमरेला अडकवत राहिलो. त्यात नीट फुगवटा यावा म्हणून बायकोने सुपारी फोडायचा जुना अडकित्ता कापडात गुंडाळून घालून दिला. हसत हसत दिला. आज त्यावर आम्ही दोघंही बोलत नाही.

ते दोघे आले तेव्हा दुकानात तीन-चार बायका होत्या. तोंडाला रुमाल बांधलेले. एकाच्या हातात चॉपर. तो गल्ल्यापुढच्या फळीवर आपटून म्हणाला, "गल्ला खोल." माझा हात कमरेकडे गेला, हे खरं. सवयीने गेला. हाताला अडकित्ता लागला. मी फळीमागे खाली बसलो. लपायला म्हणून नव्हे, उभं राहवेना म्हणून.

मागच्या बाजूला भट्टीवर आमचा माणूस मिरची भाजत होता. पुढे काय चाललंय याचा त्याला पत्ता नव्हता. त्याने नेमकी त्या वेळी लवंगी मिरचीची पाटी तापलेल्या कढईत ओतली. आमच्या गल्लीत जन्म काढलेल्यांना त्या धुराचं काही वाटत नाही. परक्या माणसाची छाती तो बांधून टाकतो. चॉपरवाल्याने रुमाल तोंडावरून खाली ओढला आणि खोकता खोकता फळीवर ओणवा झाला. दुसऱ्याचे डोळे उघडेनात. तो भिंत चाचपत बाहेर पडला आणि पहिला त्याच्या मागोमाग. एवढंच झालं. तोंडाला पदर लावून पोत्यांमागे लपलेल्या बायकांनी त्यांचा खोकला ऐकला आणि मग पळणाऱ्या चपला ऐकल्या. कुणी काही पाहिलं नाही.

समोरचा दुकानदार धावत आला. मी तेव्हा कुठे उठून गुडघे झटकत होतो. शर्ट वर सरकला होता आणि कव्हराचा पट्टा दिसत होता. त्याने तो बघितला आणि आवाज खाली आणून विचारलं, "काढलंत?"

मी म्हटलं, "जाऊ दे. गेले ना."

खोटं म्हणाल तर मी अजून बोललो नव्हतो. संध्याकाळपर्यंत गोष्ट नाक्यावरच्या सलूनमध्ये पोचली होती. दोन दिवसांनी पुरवठादाराने विचारलं, "शेठ, हवेत गोळी झाडलीत म्हणे?" तेव्हा मी म्हणालो, "छे हो, झाडली नाही. नुसतं दाखवलं."

माझं खोटं ते हेच. लोकांनी चढवलेला भाग मी खाली उतरवला आणि त्यामुळे उरलेला भाग सगळ्यांना खरा वाटला. बढाया मारत नाही, साधा माणूस आहे, असं माझं नाव झालं. पोलिसांत मी तक्रारही दिली नाही. दिली असती तर हत्यार जमा असल्याचं पहिल्याच मिनिटाला उघड झालं असतं.

निकाल लागल्यावर रिव्हॉल्व्हर परत आणलं. ते हातात घेतलं तेव्हा वाटलं, हे नसतानाही आपलं काम झालं. पुढची काही वर्षं मी यात समाधान मानलं. असो किंवा नसो, लोकांना आहे असं वाटणं पुरेसं आहे, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. पण ते दोघे बाहेरचे होते. माझ्याकडे काय आहे आणि काय नाही, याची त्यांना कल्पनाच नव्हती. धूर नसता तर त्यांनी गल्ला नेला असता, आणि मी कमरेतून काही ओढायचा प्रयत्न करतोय असं दिसलं असतं तर मलाही चॉपर बसला असता.

नंतर मित्राच्या पंपाच्या बाजूला रोकड लुटण्याचे प्रकार झाले. रोजची रोकड जवळच्या बँकेत तोच नेत असे. एका सुट्टीच्या सकाळी आम्ही मैदानाच्या कठड्यावर बसलो होतो. त्या दिवशी त्याने टिंगल केली नाही.

"एक विचारू? खरं सांग. काढलंस तेव्हा हात थरथरला नाही तुझा?"

सांगायची वेळ तीच होती. आजूबाजूला कुणी नव्हतं. शाळेपासूनचा मित्र. तो हसला असता, आयुष्यभर अडकित्त्यावरून छळलं असतं, आणि त्याहून जास्त काही झालं नसतं. पण लोक मला ज्या नजरेने बघत होते, त्या नजरेने आता तोही बघत होता. शाळेत तो नेहमी माझ्यापेक्षा हुशार होता.

मी म्हणालो, "नाही थरथरला. आपण काढलं की समोरचा आधीच खचतो. झाडायची गरजच पडत नाही. धरून उभं राहायचं फक्त."

"झाडायची गरज पडत नाही ना? नाहीतर मला नाही जमायचं ते. माणसावर बिणसावर."

"नाही रे पडत."

"मालक म्हणतात विमा आहे, बॅग सोडून द्या. पण रोज जीव मुठीत धरून जायचं म्हणजे..."  मग म्हणाला, "चल, अर्ज कसा करतात सांग."

मी सांगितलं. त्याच्याबरोबर गेलोही. त्याच्या चौकशीत जबाब दिला. परवाना आला तेव्हा त्याच्या बायकोने मला जेवायला बोलावलं आणि म्हणाली, "तुमच्यामुळे मी आता निर्धास्त झाले, भावजी."

पुढच्याच वर्षी तो गेला. पंपापासून थोड्या अंतरावर मोटरसायकलवरच्या दोघांनी त्याला अडवलं. समोरच्या टपरीवाल्याने सगळं पाहिलं आणि पोलिसांना सांगितलं. एकाने बॅगेला हात घातला. मित्राने बॅग सोडली नाही. शर्टाखालून रिव्हॉल्व्हर काढलं आणि समोर धरलं. मग काहीच केलं नाही. टपरीवाल्याचे शब्द असे होते: "साहेब नुसते धरून उभे राहिले. कशाची तरी वाट बघत असल्यासारखे." दुसऱ्याने बाजूने चॉपर मारला. ते बॅग घेऊन गेले आणि रिव्हॉल्व्हरही.

तो कशाची वाट बघत होता, हे त्या रस्त्यावर कुणालाच कळलं नाही. मला कळलं. ते पळण्याची तो वाट बघत होता.

दोघे काही महिन्यांनी सापडले. एकाने पोलिसांना सांगितलं की त्याने काढलं म्हणून मारावं लागलं, बॅग सोडली असती तर आम्ही निघून गेलो असतो. चोराचं बोलणं किती धरायचं, हा प्रश्न आहेच. रिव्हॉल्व्हर त्यांनी विकलं होतं आणि ते कधीच मिळालं नाही. ते या शहरात कुठेतरी आहे. कुणाच्या तरी कमरेला, शर्टाखाली. पेपरात कुठे गोळीबार झाल्याचं वाचलं की ते हत्यार कुठल्या बनावटीचं होतं, एवढंच मी आधी शोधतो.

माझं हत्यार मी त्यानंतर ठाण्यात देऊन टाकलं. लोकांना वाटलं, मित्राच्या जाण्याने खचला.

आम्हाला मूल नाही. मित्र गेला तेव्हा त्याचा मुलगा कॉलेजात होता. तेव्हापासून तो आमच्याकडे येतो. आता लोअर परळच्या एका मोठ्या कंपनीत आहे, त्याचं लग्न झालं आहे. रविवारी सकाळी येतो, काकीला बाजार आणून देतो, मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतो. मी दर वेळी त्याच्या खांद्यावर हात ठेवून जिना उतरतो आणि दर वेळी त्याच्या बापाला काय सांगितलं होतं ते मला आठवतं. तरी गप्प बसलो. त्याचं येणं थांबेल, ही भीती. दुसरं कारण नाही.

त्यांच्या चाळीचा पुनर्विकास चालू आहे. तो कमिटीचा सेक्रेटरी. बिल्डरच्या कागदांत त्याने चुका काढल्या आणि सह्या थांबवल्या. तेव्हापासून त्याला फोन येतात. एकदा त्याच्या मोटरसायकलची सीट फाडून ठेवली होती. धमकी खरी आहे, ती मी नाकारत नाही.

गेल्या महिन्यात तो आला आणि म्हणाला, "काका, मी लायसन्ससाठी अर्ज टाकलाय. चौकशीला आपल्या ठाण्यातून येतील, तुमचं नाव दिलंय. तुमच्या शब्दाला वजन आहे."

बायको कोथिंबीर निवडत होती. तिचे हात थांबले.

मी म्हटलं, "तुझ्या वडलांचं काय झालं ते तुला माहीत आहे."

"पप्पांची चूक झाली. त्यांनी काढलं आणि थांबले. काढायचं तर चालवायची तयारी पाहिजे. नाहीतर तुमच्यासारखा दरारा पाहिजे. तुमचे तर न चालवता पळाले."

मग त्याने फोन काढला. त्याच्या कंपनीत अमेरिकेत राहून आलेले लोक आहेत. तिथल्या बऱ्याच राज्यांत साध्या माणसाला लपवून बंदूक बाळगता येते, काही ठिकाणी तर परवानाही लागत नाही. त्याने मला आलेख दाखवले. एका अभ्यासात म्हटलं होतं की लोक बंदूक बाळगू लागल्यावर गुन्हे कमी झाले, कारण समोरच्याकडे काय असेल याची गुन्हेगाराला खात्री नसते. मी विचारलं, उलट म्हणणारे कुणी नाहीत का? तो प्रामाणिक मुलगा आहे. म्हणाला, "आहेत. मारामारी, खून वाढले म्हणणारेही आहेत. अजून वाद चालू आहे. पण काका, मला आलेख कशाला पाहिजेत? माझ्या घरात दोन उदाहरणं आहेत. पप्पा आणि तुम्ही."

ते आकडे कसे जमवतात, मला कळत नाही. मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस. पण एक गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. कुणी जर घरोघरी जाऊन विचारलं असतं की तुमच्या हत्यारामुळे गुन्हा टळला का, तर मी 'हो' म्हणालो असतो. त्या गल्लीतली दहा माणसं माझ्या बाजूने बोलली असती. माझा तो 'हो' बेरजेत गेला असता आणि त्यावरून कुणीतरी आलेख काढला असता. माझ्यासारखे आणखी किती असतील? आणि माझा मित्र कुठल्या बाजूला धरला असता? हत्यार होतं, तरी गेला. की हत्यार होतं, म्हणून गेला?

 बायको म्हणाली, "तुमी नाय सांगलात तर मी सांगतलंय."

तेव्हा मी सांगितलं. निवडणूक, ठाण्यातलं कपाट, अडकित्ता, मिरचीचा धूर. मग मैदानाचा कठडा आणि त्याच्या वडलांनी विचारलेला प्रश्न, आणि माझं उत्तर, जसंच्या तसं. सांगताना मी त्याच्याकडे बघू शकलो नाही, फडक्यावरच्या कोथिंबिरीकडे बघत राहिलो.

त्याने फोन खिशात घातला. मग म्हणाला, "म्हणजे पप्पा तुमचं ऐकून उभे राहिले."

"हो."

"आईला माहीत आहे?"

"नाही."

"मी नाही सांगणार. तुम्ही सांगा." उठला. दाराशी चपला घालताना म्हणाला, "अर्ज मी मागे घेत नाही. तुमच्याकडे बंदूक नव्हतीच, तर तुमच्यावरून ती नको हे तरी कसं सिद्ध होतं? मला फोन येतायत ते खरेच आहेत ना. चौकशीला येतील तेव्हा खरं काय ते बोला, बस."

तो म्हणाला त्यात चूक काढता येत नाही. माझ्या खोट्यावरून काहीच सिद्ध होत नाही, ना एक बाजू ना दुसरी. त्याला रिव्हॉल्व्हर वाचवणारच नाही, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. बापाला ते काढायला वेळ मिळाला तेवढा त्याला मिळेल का, हेही सांगू शकत नाही. पण शर्टाखाली ते असताना माणूस काय करतो, ते मी माझ्यावरून सांगू शकतो. ज्या माणसापुढे गल्ला उघडून मोकळं व्हायचं, त्याच्यापुढे हात कमरेकडे जातो. त्याच्या बापाने आयुष्यात कुणावर हात उगारला नव्हता. बॅग सोडून द्यायचा साधा मार्ग त्याच्यासमोर होता, मालकाने घालून दिलेला. तो मार्ग मी बंद केला.

मी त्याच्या आईला जाऊन भेटलो. तिथे काय बोलणं झालं ते लिहिणार नाही. ते तिचं आहे. एवढंच सांगतो की तिने मला बसायला सांगितलं आणि मी निघेपर्यंत स्वतः उभी राहिली.

नंतरच्या आठवड्यात चौकशीचा हवालदार आला. तरुण, घामाघूम, चार मजले चढून आलेला. पाणी प्यायला आणि म्हणाला, "काका, तुमची गोष्ट आमच्या ठाण्यातपण ऐकलीय मी." मी म्हटलं, ती खोटी आहे, लिहून घ्या. आणि त्यालाही सगळं सांगितलं. पेन हातात धरून तो ऐकत राहिला, लिहिलं काहीच नाही.

शेवटी म्हणाला, "हे जुनं झालं, काका. अर्जदाराशी त्याचा संबंध नाही. मला एवढंच सांगा, मुलगा चांगला आहे ना?"

"फार चांगला आहे."

"धमक्या खऱ्या आहेत?"

"खऱ्या आहेत. पोलिसांनी त्या आधी बघाव्यात. फोन कुणाचे येतात ते शोधावं."

"ते बघतील साहेब. लायसन्स द्यावं असं तुमचं मत आहे का? हो किंवा नाही."

"नाही."

त्याने मान वर केली. "पोरगा तुमचाच ना? त्यानेच नाव दिलंय तुमचं."

"म्हणूनच नाही."

त्याने लिहिलं, वाचून दाखवलं, मी सही केली. तो गेल्यावर बायकोने मित्राच्या मुलाला फोन लावला. लपवायला नको म्हणून मीच लावायला सांगितलं. तिने काय झालं ते सांगितलं आणि मग नुसती ऐकत राहिली. "बरा," म्हणाली आणि फोन ठेवला.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, कळलं. म्हणाला, अर्जाचं काय ते वरचे ठरवतील." मग जरा थांबून म्हणाली, "रविवारी बाजार पाठवून देतंय म्हणाला. स्वतः येवचो नाय."

अर्जाचा निर्णय अजून झालेला नाही. तीन रविवार गेले. भाजी येते, दारात पिशवी ठेवून भाजीवाल्याचा माणूस जातो. डोळ्यांच्या डॉक्टरकडे परवा बायको आणि मी टॅक्सीने गेलो. जिन्यावर तिने माझा हात धरला आणि मी कठड्याला धरून, एक-एक पायरी बघत उतरलो.